तिसऱ्या माणसाची चूक

भाऊ,

घाटंजीत तुमची शोकसभा झाली. नऊ जण बोलले आणि नऊही जणांनी तुम्हाला अजातशत्रू ठरवलं. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होतो. तुम्ही शेजारी असता तर मला कोपरानं ढोसून विचारलं असतं, "वकीलसाहेब, हे कोनाबद्दल बोलून राह्यले?" कारण तुमच्या पक्षातच तुमचे इतके शत्रू होते की विरोधकांना फारसं काम उरत नसे. त्यातले दोघे व्यासपीठावर बसले होते. एकानं तर डोळेही पुसले.

मलाही बोलायला सांगितलं होतं. घसा बसलाय असं सांगून मी सुटका करून घेतली. घसा ठणठणीत होता. पण मला जे बोलायचं होतं ते माइकवरून बोलण्यासारखं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी तुमच्या स्वतःच्या वावराच्या, म्हणजे शेताच्या भांडणात मी तुमच्याविरुद्ध निकाल दिला. तो निकाल चुकीचा होता. आणि तो चुकीचा आहे हे मला गेली सात वर्षं माहीत होतं. तुम्ही होतात तोवर मी ते तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगतोय, म्हणजे माझी अक्कल केव्हा जागी होते ते बघा.

आपली ओळख झाली तेव्हा तुम्ही नुकतेच आमदार झाला होतात आणि मी तालुका कोर्टासमोरच्या एका खोलीवर नवी पाटी लावून अशिलांची वाट पाहत होतो. बाजाराचा दिवस होता. तुम्ही भाजीची थैली घेऊन आत आलात, मेथीच्या जुड्यांखालून एक पातळ इंग्रजी पुस्तिका काढलीत आणि टेबलावर ठेवलीत. मला वाटलं, जमिनीचा काही कागद असेल. पाहतो तर संयुक्त राष्ट्रांची सनद आणि जगाच्या न्यायालयाचे नियम. "हे वाचून सांगा मले. देश-देश भांडतात तवा कायदा काय म्हन्ते, ते पाह्यचं हाय," तुम्ही म्हणालात. आमचं घर दोन पिढ्या कचेरीत नोकरी करणारं. वऱ्हाडी बोललो की माझं मलाच हसू येतं, पण तुमच्यासमोर ती आपोआप तोंडात येई. मी विचारलं, "कायले पाह्यजे हे तुमाले?" तुम्ही म्हणालात, "कापसासाठी."

नवा आमदार आहे, डोक्यात हवा गेली असेल, असं मला वाटलं. पण तुमचा विचार अगदी सरळ होता. दिग्रसच्या जिनिंगवर कापूस नेला की व्यापारी भाव पाडून सांगे आणि वर म्हणे, बाहेर मंदी आहे. बाकीचे शिव्या देत गाडी खाली करत. तुम्ही मात्र 'बाहेर म्हणजे नेमकं कुठं' हे विचारत बसलात. विचारता विचारता तुम्हाला कळलं की एक श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांना इतकी मदत देतो की त्यांचा माल जगात कुठेही स्वस्तात जातो, आणि देशादेशांनी व्यापाराचे जे करार केलेत त्यांच्याशी ते जुळत नाही. आपल्याकडे त्या देशाचे पुतळे जाळणं चालू होतं. एकदोनदा तुम्हीही काडी लावली होती. मग एक दिवस म्हणालात, "पुतया जायला का धूर आपल्याच डोयात जाते. जिथं तक्रार आयकतात तिथं तक्रार न्या लागन." नागपूरच्या अधिवेशनात कापसावर चर्चा निघाली तेव्हा तुम्ही उभे राहून हेच बोललात, अशा तक्रारी जिनिव्हात चालतात हेही सांगितलंत. सभागृह हसलं. सन्माननीय सदस्य घाटंजीचे की जिनिव्हाचे, असं कुणी तरी विचारलं म्हणे. हा टोमणा परत आल्यावर तुम्हीच मला सांगितलात आणि माझ्या आधी हसलात.

पुढे एका दूरच्या देशानं खरोखरच तसा दावा लावला आणि जिंकला. तुम्ही पेपर घेऊन माझ्या खोलीत आलात तेव्हा चपला बाहेर काढायचंही विसरला होतात. आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं. मी विचारलं, "जिंकला ना? मग दिग्रसमधी भाव वाढला काय?"

"नाई वाढला."

"मग?"

"मंग काय? आधी ते मंदी होती. आता ते लबाडी हाय, कागदावर. मंदीशी भांडता येत नाई वकीलसाहेब, लबाडीशी येते."

मी म्हणालो की ज्या निकालामागे पोलीस नाही, बेलिफ नाही, जप्ती नाही, त्याला मी कायदा म्हणत नाही, विनंती म्हणतो. तुम्ही विचारलंत की माझ्या कोर्टातल्या प्रत्येक निकालामागे पोलीस जातो का. बहुतेक लोक आपल्या पायानं चालत जाऊनच निकाल पाळतात ना? त्यांच्याच जिवावर तुमचं कोर्ट उभं आहे, असं म्हणालात. मी म्हणालो, ते पोलिसाच्या धाकानं पाळतात. तुम्ही म्हणालात, सगळे नाही. हे 'सगळे नाही' आणि 'सगळेच' आपण किती वर्षं एकमेकांच्या तोंडावर फेकत राहिलो! वहिनी वैतागून म्हणायच्या, "तुमच्या दोघायच्या भांडनालेच एखांदं कोर्ट पाहा."

त्यात सीमेवरचं वातावरण तापलं. दिग्रसच्या बाजार समितीच्या आवारात सभा होती आणि लोकांना तुमच्याकडून आग हवी होती. तुम्ही म्हणालात, "फौज लढते तवा आपून तिच्या मांगं उभे राहूच. पन भांडन तोडाले टेबल लागते, कागद लागते अन् तिसरा मानूस लागते." पुढच्या रांगेतून कुणी तरी पाण्याचा पाऊच फेकला. तो तुमच्या पायाशी पडला. तुम्ही तो उचललात, दातानं फोडलात, प्यायलात आणि पुढे बोलू लागलात. मी मंचामागे उभा होतो आणि मला तुमचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही. एवढ्या माणसांसमोर एवढं खरं बोलायची काही गरज होती का? आज वाटतं, त्या दिवशी तुमच्याबरोबर मंचावर येऊन उभा राहिलो असतो तर बरं झालं असतं.

नुसतं बोलून थांबणं तुम्हाला जमणारं नव्हतं. आसपासच्या गावांमध्ये तुम्ही बैठकी सुरू केल्या. धुऱ्याचं म्हणजे बांधाचं भांडण असो, वावरात जायच्या पांदणीचं असो की नाल्याच्या पाण्याचं, कोर्टात जायच्या आधी दोन्ही पक्षांनी मिळून एक तिसरा माणूस निवडायचा आणि शाळेच्या व्हरांड्यात बसायचं. निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी पाळू, अशी सही आधीच करायची. हे तुम्ही पुस्तिकेतून घेतलं होतं. देशही तशी कबुली देतात. मी तुम्हाला सांगितलं होतं की मोठमोठ्या देशांनी सह्या करताना किती अपवाद घालून ठेवलेत. "आपल्या कागदात अपवाद नाई," तुम्ही म्हणालात. निकालावर अपील नाही, पण त्या वेळी कुणालाच माहीत नसलेली एखादी मोठी गोष्ट नंतर उजेडात आली तर दहा वर्षांच्या आत निकाल पुन्हा तपासता येईल, हेही त्या पुस्तिकेतलंच.

एक नियम मात्र तुमच्या डोक्यातून निघालेला होता. स्वतःची बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू आपल्या तोंडानं मांडायची, आणि समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत मांडत राहायचं. या एका गोष्टीवर अख्खी दुपार गेलेली मी पाहिली आहे. एकदा तर दोन सख्खे भाऊ एकमेकांची बाजू सांगता सांगता तिसऱ्या माणसाला न विचारताच उठून घरी गेले. तो तिसरा माणूस मीच होतो. माझी निम्मी अशिलं तुम्ही पळवलीत आणि वर मलाच तिथं नेऊन बसवलंत.

तुम्ही स्वतः कधीच तिसरा माणूस झाला नाहीत. लोक हातापाया पडत, पण नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालात, "मी आमदार हाओ. मी बसलो त लोक भेऊन आयकतीन. भेऊनच आयकाचं असन त मंग पोलीसच बरा."

आणि मग तुमचंच भांडण निघालं. तुमच्या आणि तुमचा चुलत भाऊ सुदाम याच्या वडिलांनी एक वावर वाटून घेतलं होतं. मधला धुरा दोन्हीकडून दरवर्षी थोडा थोडा नांगरला जाऊन नाहीसाच झाला होता. वाद नाल्याकाठच्या पट्ट्याचा, कपाशीच्या जेमतेम आठ ओळींचा, पण त्या वावरातली सगळ्यात कसदार माती तिथली. पुढच्या वर्षी निवडणूक होती. मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं की सरळ सरकारी मोजणी मागवा. तुम्ही ऐकलं नाही. "लोकायले व्हरांड्यात बसोतो अन् मी कचेरीत जाऊ काय?" दोघा चुलत भावांनी तिसरा माणूस म्हणून माझं नाव दिलं. दोघांनी सह्या केल्या. तुम्ही सुदामची बाजू अशी मांडलीत की तो म्हणाला, "भाऊ, मले बी एवढं चांगलं नसतं सांगता आलं."

उलंगवाडी झाली होती, म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा आटोपला होता, त्यामुळे मापाला वावर मोकळं होतं. नाल्याच्या टोकाला दोन दगड होते. एक शेंदरानं इतका माखलेला की त्याचा आकार कळत नव्हता. तो वावराचा देव. पेरणीच्या आधी दोन्ही घरं तिथं नारळ फोडत. दुसरा साधा दगड, तुमच्या बाजूला काही पावलं आत. मी देवाला हात जोडले, त्याला वळसा घातला आणि साधा दगड हद्दीचा समजून तिथून माप धरलं. देवाला पट्टी लावायची असते हे माझ्या मनात आलं नाही, तुमच्याही नाही, सुदामच्याही नाही. ज्यांना सांगता आलं असतं ती म्हातारी माणसं केव्हाच गेली होती. पट्टा सुदामला गेला.

तुम्ही निकाल वाचलात, घडी करून खिशात ठेवलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गडी घेऊन काट्यांचं कुंपण मागे सरकवलंत. तिथून सरळ माझ्या खोलीवर आलात. हाताला काटे लागून रक्त आलेलं होतं. "सांगा वकीलसाहेब, कोन पोलीस आलता?" तुमच्यासारखा माणूस आपल्या मालकीची म्हणून समजलेली जमीन, आमदारकी हातात असताना, एका वकिलाच्या कागदावर सोडून देतो, म्हणजे आपल्या वादात मी हरलो होतो. मला हरल्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी तुमचा फार अभिमान वाटला. तसं बोलून दाखवायची आपल्यात रीत नव्हती.

निवडणुकीत तो पट्टा गावोगावी फिरला. ज्याले आपला धुरा राखता नाई आला तो देश काय राखन, असं तुमच्याच पक्षातले लोक पानटपऱ्यांवर बोलत होते. दिग्रसचं भाषण लोक विसरले नव्हतेच. तिकीट दुसऱ्याला गेलं आणि तुम्ही पुन्हा कधी आमदार झाला नाहीत. बैठकी मात्र चालू ठेवल्यात. बाजाराच्या दिवशी भाजीची थैली घेऊन माझ्याकडे येणंही चालू ठेवलंत.

पाच वर्षांनी दुसऱ्याच एका प्रकरणासाठी मी जुने मोजणी नकाशे काढून पाहत होतो. तुमच्या शिवाराचा नकाशा हाताला लागला म्हणून सहज उघडला. नाल्याच्या टोकाला हद्दीचा एकच दगड दाखवलेला होता. मी अंतरं लावून पाहिली. पुन्हा पाहिली. चहा पिऊन येऊन तिसऱ्यांदा पाहिली. शेंदराखाली जो होता तोच हद्दीचा दगड होता. साधा दगड कुणी बैल बांधायला रोवला होता की काय, देव जाणे. तुमचा पट्टा तुमचाच होता.

मी नकाशाची नक्कल काढली आणि टेबलाच्या खणात ठेवली. तुम्ही पुढच्या बाजाराला आलात, मेथी महाग झाल्याचं बोललात आणि गेलात. त्याच्या पुढच्या बाजारालाही आलात. सात वर्षं तुम्ही येत राहिलात आणि दर वेळी तो खण माझ्या गुडघ्याला लागत राहिला. मी मनाशी कारणं तयार केली. हे कळलं तर बैठकीवरचा लोकांचा विश्वास जाईल. चुलत भावांचं पुन्हा वाकडं येईल. कारणं चांगली होती, मी धंद्यानं वकील आहे. खरी गोष्ट एवढीच की मला लाज वाटत होती. ज्या निकालानं तुमची आमदारकी घालवली तो मी देवाला नमस्कार करताना चुकवला, हे तोंडानं सांगायची माझी छाती झाली नाही. निकालाला दहा वर्षं पूर्ण झाली तेव्हा, तपासणीची मुदत संपली म्हणून, मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको वाटतंय, पण वाटलं होतं.

गेल्या महिन्यात यवतमाळच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आलो. नाकात नळी होती. कुठल्याशा दोन देशांनी समुद्रातली हद्द कोर्टाकडून ठरवून घेतल्याची बातमी पेपरात होती, ती मी वाचून दाखवली. तुम्ही खूश झालात. "समुद्रात बी धुरा असते पाहा," म्हणालात. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "अजून काई सांगाचं हाय काय?"

मी म्हणालो, "नाही भाऊ. आराम करा."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत.

परवा तुमची तेरवी झाली. काल सकाळी मी खणातून नक्कल काढली, निकाल दुरुस्तीचा कागद लिहिला, माझी सही केली आणि सुदामच्या वावरात गेलो. तो कपाशीत निंदण पाहत होता. मला बसायलाही सुचलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. निकाल चुकला, चूक माझी, मला सात वर्षांपासून ठाऊक होतं, पट्टा भाऊंचा आहे, तो त्यांच्या घराला परत जायला हवा. सुदामनं कागद घेतला आणि न वाचताच सही केली. मी म्हणालो, "अरे, वाचून तर पाहा."

"वाचाचं काय त्याच्यात? मले माईत हाय." त्यानं नाल्याकडे बोट दाखवलं. निकालानंतरच्या तिसऱ्या वर्षी पावसात देवाच्या अंगावरची शेंदराची खपली गळून पडली आणि आत छिन्नीनं कोरलेली हद्दीची फुली दिसली. त्याच दिवशी तो तुमच्याकडे धावत गेला होता.

मी तिथंच मातीत खाली बसलो. "मग भाऊनं पट्टा वापस काहून नाही घेतला?"

"मी म्हनलं ना, घे वापस. त म्हने, तू देशीन त ते दान होईन. निकाल ज्यानं देला त्यानंच तो दुरुस्त कराव."

"मग मला तरी सांगायचं!"

"ते बी म्हनलं मी. वकिलाले बलावतो म्हनलं. त नाई म्हने. सांगतलं त तो करा लागते म्हनून करन. आपून आजवर कोनामांगं पोलीस लावला काय? त्याले बी कवा ना कवा समजन, अन् समजलं का येईन तो. आपल्या पायानं येईन."

सुदाम राजी होता. तो पट्टा तुम्हाला केव्हाही परत घेता आला असता. तुम्ही नऊ वर्षं थांबलात. दर बाजाराला माझ्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसलात आणि शब्दानं विचारलं नाहीत. त्यातली पहिली दोन वर्षं मला काही माहीत नव्हतं, हे सांगून मी आता स्वतःला वाचवत नाही. पुढची सात तर होती.

सुदाम माझ्या शेजारी टेकून सांगत होता, "दर साली पेरनीच्या आंधी नारय फोडाले आला का इचारे मले, वकील येऊन गेला काय? मी म्हनो, नाई. मंग म्हने, येईन."

कागदाची घडी करून त्यानं टोपीत ठेवली. मग उठून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता, तुमच्या वावराकडे तोंड करून, तुम्ही तिथं कुठं तरी ओळीत वाकून काम करत असाल अशा आवाजात म्हणाला, "भाऊ, आला वो वकील."